समीरचे रडार आणि वऱ्हाडचे ढग

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९७७ मध्ये सूक्ष्मलहरी उपकरणांसाठी एक खास विभाग सुरू झाला. त्यातूनच १९८४ मध्ये ‘समीर’ ही स्वायत्त प्रयोगशाळा उभी राहिली. तिचे मोठे काम मात्र तिरुपतीजवळच्या गडंकीला झाले. ५३ मेगाहर्ट्झवर चालणारे, १,०२४ यागी अँटेनांचे वातावरणीय रडार तिथे १९९०च्या दशकाच्या आरंभी कामाला लागले. त्याचे ३२ प्रेषक मिळून अडीच मेगावॉटची शिखरशक्ती देत.

एवढी ताकद लावूनही निरभ्र हवेतून परतणारा प्रतिध्वनी अतिशय क्षीण असतो. तो ठळक व्हावा म्हणून स्पंद लांबवला, तर बारकावा जातो: १६ मायक्रोसेकंदांच्या साध्या स्पंदात २.४ किलोमीटर जाडीचा थर एकजीव दिसतो. गडंकीत यावर पूरक संकेत वापरले गेले. स्पंदाचे एकेका मायक्रोसेकंदाचे तुकडे पाडून त्यांची कला ठरावीक क्रमाने उलटवायची, पाठोपाठ जोडीच्या क्रमाचा स्पंद सोडायचा. दोन्ही प्रतिध्वनी उलगडून त्यांची बेरीज केली, की नको ते अवशेष एकमेकांना खोडतात आणि दीडशे मीटरचा थरही वेगळा दिसतो. भारतीय रडार-संशोधनातले हे फार देखणे काम आहे.

वऱ्हाडात पेच निराळा आहे. अमरावती-अकोल्याकडचे ढग नागपूरच्या एस-बँड डॉप्लर रडारवरून पाहायचे असतात. सुमारे दहा सेंटिमीटर तरंगलांबीच्या अशा रडारने सेकंदाला हजार स्पंद सोडले, तर सेकंदाला २५ मीटरपर्यंतचा वेग बिनचूक कळतो. पल्ला मात्र १५० किलोमीटरच उरतो. हवाई अंतराने सुमारे १४० किलोमीटरवरची अमरावती त्यात बसते, २२० किलोमीटरवरचे अकोला बसत नाही. तिथला प्रतिध्वनी पुढचा स्पंद सुटल्यावर पोहोचतो आणि अकोल्यावरचा ढग वर्धा जिल्ह्यात उभा असल्याचे भासते. स्पंद सहाशेवर आणले, तर अकोला पल्ल्यात येते, पण वेगाची मर्यादा १५ मीटरवर घसरते. वादळी वारा ती सहज ओलांडतो. म्हणून दोन वेगवेगळ्या गतींनी आळीपाळीने स्पंद सोडतात आणि दोन्ही मोजमापे ताडून खरा वेग काढतात.

पृथ्वीच्या गोलाईपुढे मात्र ही युक्ती चालत नाही. अर्धा अंश उंचावलेला किरण अमरावतीवर सुमारे २.४, तर अकोल्यावर ४.८ किलोमीटर उंचीवरून जातो. त्याखाली घडणारा पाऊस टिपायला रडार जवळच हवे.