विंडोज प्रणालीतील सुरक्षेची पूर्वनिश्चिती आणि वापरकर्त्याचे स्वातंत्र्य (२००१ ते २००९)

संगणक हाती येतो तेव्हा त्यातील बहुतेक निर्णय निर्मात्याने आधीच घेतलेले असतात. या पूर्वनिश्चित मांडणीस 'डिफॉल्ट' म्हणतात. सामान्य वापरकर्ता ती क्वचितच बदलतो. म्हणून तिच्याकडे केवळ तांत्रिक बाब म्हणून पाहणे अपुरे ठरते. प्रस्तुत लेखात मायक्रोसॉफ्टच्या विंडोज प्रणालीच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

जेरोम सॉल्टझर व मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्ये संगणकीय माहितीच्या संरक्षणाविषयी लिहिलेल्या निबंधात आठ तत्त्वे मांडली. स्पष्ट परवानगी नसेल तर प्रवेश नाकारावा, हे त्यांपैकी एक. संरक्षणाची व्यवस्था माणसाला सहज वापरता यावी, हे दुसरे. कागदावर ही तत्त्वे एकत्र नांदतात, व्यवहारात मात्र त्यांचे फारसे पटत नाही.

ऑक्टोबर २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीमध्ये फायरवॉल होती, पण बंद स्थितीत. घरगुती संगणकावर प्रारंभी निर्माण होणारी खातीही प्रशासकीय अधिकारांची असत. जुने प्रोग्रॅम विनातक्रार चालावेत, ही त्यामागील व्यावहारिक गरज होती. ऑगस्ट २००३ मध्ये 'ब्लास्टर' वर्म पसरला. तो ज्या त्रुटीतून शिरला तिची दुरुस्ती जुलैमध्येच उपलब्ध झाली होती. म्हणजे दुरुस्ती होती, फायरवॉल होती. परंतु दोन्ही वापरकर्त्याच्या पुढाकारावर सोडलेल्या होत्या. ज्याला धोक्याची कल्पनाच नाही त्याला दिलेल्या अशा निवडीस स्वातंत्र्य म्हणावे काय, अशी शंका येते. ऑगस्ट २००४ च्या सर्व्हिस पॅक २ ने फायरवॉल आरंभापासून चालू केली आणि गरजेच्या प्रोग्रॅमपुरता अपवाद करण्याची मुभा ठेवली. प्रस्तुत लेखकाच्या मते या कालखंडातील हाच सर्वांत समतोल निर्णय होय.

जानेवारी २००७ मध्ये ग्राहकांच्या हाती आलेल्या व्हिस्टाने पुढचे टोक गाठले. प्रशासकाचे प्रोग्रॅमही मर्यादित अधिकारांनी चालू लागले व प्रत्येक महत्त्वाच्या बदलासाठी संमती विचारली जाऊ लागली. वारंवार विचारलेला प्रश्न माणूस वाचेनासा होतो. अनेकांनी न वाचताच होकार दिला, काहींनी ही सोयच बंद केली.

२००९ च्या विंडोज ७ मध्ये चार पायऱ्यांची सरकपट्टी आली. वापरकर्त्याने स्वतः केलेल्या विंडोजच्या मांडणीतील बदलांना मूळ पायरीवर संमती लागत नसे. त्याच वर्षी चाचणी आवृत्तीत एक गोम उघड झाली: एखादा प्रोग्रॅम वापरकर्त्याच्या नकळत ही पट्टीच तळाला नेऊ शकत होता. टीकेनंतर मायक्रोसॉफ्टने पट्टी हलविण्यासही संमती आवश्यक केली.