भिंत पाडणं आणि भिंत घालणं



सोनगीरसारख्या खानदेशातल्या जुन्या गावात घरं एकमेकांना चिकटून असतात. दोन घरांना मिळून एक सामाईक भिंत, वर मातीचं धाबं. घर मोजायचं ते खणांवर. भावाभावांत वाटणी झाली की खण वाटले जायचे, मध्ये भिंत उभी राहायची आणि एका घरात दोन चुली पेटायच्या. आता अशाच घरांचे एकेका खोलीचे छोटे फ्लॅट करावेत, भिंतीत मिटणारा पलंग बसवावा, अशी चर्चा घरोघरी निघते. म्हणून आपल्या शास्त्रातली एक जुनी गोष्ट सांगते.

श्रावकाच्या पाचव्या अणुव्रतात, परिग्रह-परिमाणात, क्षेत्र-वास्तू म्हणजे शेत आणि घर यांची मर्यादा घ्यायची असते. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात या व्रताचे अतिचार सांगितले आहेत. एकच घर ठेवायचं व्रत घेतलं, मग शेजारचं घर विकत घेतलं आणि मधली भिंत पाडली. मोजायला घर एकच! भांड्यांचंही तसंच. नग वाढवायचे नाहीत म्हणून आहेत तीच भांडी मोडून मोठी करून घ्यायची. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेल्या सोनगीरच्या बायकांना ही युक्ती समजावून सांगायला नको. आकडा तोच राहिला तरी अतिचार लागतोच.

मग भिंत घालून घर लहान केलं की अपरिग्रह झाला का? तसंही नाही. एका घराचे चार गाळे करून त्यांच्या भाड्यातून पाचवं घर घ्यायचं असेल, तर आपलं परिमाण किती, हे आधी वहीत लिहून ठेवावं.

दुसरी गोष्ट उजेडाची. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला आणि चाळींतल्या अंधाऱ्या, कोंदट खोल्यांकडे सरकारचं लक्ष गेलं. 1898 मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी 63½ अंशांच्या नियमाचा आग्रह धरला. खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या पायथ्यापासून एवढ्या कोनात वर रेघ ओढली, तर समोरची इमारत त्या रेघेच्या वर जाता कामा नये. खोली लहान असली तरी चालेल, पण तिला आकाश हवं. पुढे बीडीडी चाळींतल्या 160 चौरस फुटांच्या खोल्यांत पिढ्यान्‌पिढ्या संसार झाले.

आपल्या सामाईक भिंतींच्या घरांना उजेड फक्त पुढून आणि मागून येतो. आडव्या भिंती घालून तीन भाग केले, तर मधल्या बाईला भरदुपारी दिवा लावून स्वयंपाक करावा लागेल. धान्यातला जीव तिला दिसणार कसा? सूर्यास्ताआधी जेवण उरकायचं, तर आधी सूर्य घरात यायला हवा. म्हणून दोनच भाग करा, एक पुढचा, एक मागचा. किंवा मधल्या खोलीवरचा धाब्यातला झरोका बुजवू नका. आणि सामायिकाच्या 48 मिनिटांसाठी आसनापुरती जागा प्रत्येक घरात ठेवा. पलंग मिटला की तीही निघते.