पेटीपासून संचिकेपर्यंत : अंकीय वाद्याच्या नोंदीचा इतिहास आणि भजनाच्या चालींचे जतन

प्रस्तावना :
विदर्भाच्या ग्रामीण भागात भजन ही संगीताची जिवंत परंपरा आहे. दारव्हा परिसरातील भजनी मंडळांच्या चाली बहुधा मुखोद्गत असल्याने त्या गायक-वादकाबरोबरच लोप पावण्याचा धोका असतो. पेटीच्या जोडीला आता की-बोर्ड आला आहे आणि तो संगणकाला जोडता येतो. अशा नोंदीत नेमके काय जतन होते, याचा ऐतिहासिक दृष्टीने विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नोंदीच्या दोन परंपरा :
इ.स. १९०२ मध्ये कोलकाता येथे गौहरजान यांचे गायन ध्वनिमुद्रित झाले. तेथे प्रत्यक्ष नाद जतन झाला. पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांनी मराठीतून सिद्ध केलेल्या क्रमिक पुस्तकमालिकेत मात्र चिजांचे स्वरलेखन आहे. त्यात नाद नाही, तर गायनाचा आराखडा आहे. मुंबईत १९८२ मध्ये चरणजित सिंग यांनी इलेक्ट्रॉनिक यंत्रांवर दहा राग ध्वनिमुद्रित केले. ते पहिल्या परंपरेतील होत. कोणती पट्टी केव्हा दाबली गेली, हे ध्वनिमुद्रिकेत लिहिलेले नसते.

मिडी आणि आदेश-ओळ :
इ.स. १९८३ मध्ये आलेल्या 'मिडी' या मानकाने दुसरी परंपरा यंत्रात आणली. तारेतून नाद जात नाही. पट्टीचा क्रमांक (० ते १२७), आघाताचा वेग आणि पट्टी दाबल्या-सोडल्याची सूचना अशा प्रकारची माहितीच जाते. इ.स. १९९८ मध्ये सुरू झालेली 'अल्सा' ही ध्वनिप्रणाली २००३ च्या लिनक्स २.६ आवृत्तीत समाविष्ट होती. तिच्यासोबतच्या 'एरेकॉर्डमिडी' या विनामूल्य साधनाला आदेशाच्या एका ओळीत वाद्याचे द्वार व संचिकेचे नाव दिले की नोंद सुरू होते. कंट्रोल व सी या कळा एकत्र दाबल्यावर ती थांबते. सीडीच्या दर्जाचे एक मिनिटाचे ध्वनिमुद्रण सुमारे १० मेगाबाइट जागा व्यापते. मिडी संचिकेस त्याचा अल्पांशच पुरतो. स्वर पुढे दुरुस्त करता येतात, लयही बदलता येते.

मर्यादा :
पेटीचे १२ ठरावीक स्वर मींड व श्रुती दाखवू शकत नाहीत, या आक्षेपावरून आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली. ती १९७१ मध्ये शिथिल झाली. सांगलीचे कृ. ब. देवल यांनी त्यापूर्वीच, १९१० मध्ये, २२ श्रुतींवर ग्रंथ लिहून हा प्रश्न मांडला होता. साध्या की-बोर्डच्या मिडी नोंदीलाही हाच आक्षेप लागू पडतो. स्वर वाकविण्याची सूचना मिडीत आहे, परंतु वादकाने तशी कळ वापरली तरच ती नोंदली जाते. पेटीच्या भात्याचा दाब, गायकाचा कंठ आणि टाळकऱ्यांची साथ तर या नोंदीत येतच नाही.

निष्कर्ष :
मिडी संचिका हे ध्वनिमुद्रण नव्हे. ती भातखंडे यांच्या स्वरलेखनाची यांत्रिक वारस आहे. चाल शिकविण्यासाठी ती उपयुक्त असली तरी गायकीचा पुरावा म्हणून अपुरी पडते. म्हणून भजनाच्या चाली जतन करताना 'एरेकॉर्डमिडी'बरोबरच प्रत्यक्ष ध्वनी टिपणारे 'एरेकॉर्ड' हे साधनही चालवावे आणि दोन्ही संचिका एकत्र ठेवाव्यात. केवळ पट्ट्यांची नोंद ठेवल्यास चाल उरेल, पण ती म्हणणारा आवाज पुढील पिढीपर्यंत पोहोचणार नाही.