वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर मळमळ थांबत नसेल तर : कारण सापडेपर्यंत काय जपावे?

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे बेरियाट्रिक सर्जरी, आता फक्त मोठ्या शहरातल्या लोकांची गोष्ट राहिलेली नाही. २०११ मध्ये नितीन गडकरी यांनी मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा विदर्भातल्या बऱ्याच जणांच्या कानावर तिचे नाव पडले. आज आमच्या बार्शीटाकळीसारख्या तालुक्याच्या गावातूनही रुग्ण नागपूर, पुणे, मुंबईला जाऊन ऑपरेशन करून येतात. तीन-चार दिवसांत सुट्टी होते. सर्जन शेकडो किलोमीटर दूर राहतात आणि मळमळ सुरू होते ती घरी आल्यावर.

मग रुग्ण जवळच्या दवाखान्यात येतो. "डाक्टरसाहेब, नुसती मयमय होते, पानीबी पोटात रायत नाई. एक सलाईन लावून द्या." ॲसिडिटीची गोळी, उलटीचे इंजेक्शन आणि सलाईन एवढ्यावर रुग्ण घरी जातो. दोन दिवस बरे वाटते, पुन्हा तेच. कधी सोनोग्राफी आणि एंडोस्कोपी होते, दोन्हींचे रिपोर्ट चांगले येतात आणि "काही नाही, मनाचे आहे" असे सांगितले जाते.

रिपोर्ट चांगले आले तरी त्रास खरा असतो. कारण शोधायला वेळ लागू शकतो. त्या काळात दोन गोष्टी कमी पडू द्यायच्या नाहीत : शरीरातले पाणी आणि जीवनसत्त्व बी-१. हा लेख मुख्यतः त्याबद्दल आहे.

पोटात नेमके काय बदलते?

स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. उरते ती केळ्याच्या आकाराची अरुंद नळी, जिच्यात साधारण १०० ते १५० मिली मावते. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराची जेमतेम ३० मिलीची पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. पूर्वी ज्या पोटात दोन भाकरी आणि वाटीभर वरण सहज मावत होते, तिथे आता चार चमचे जास्त झाले तरी पोट तक्रार करते.

म्हणून पहिल्या काही आठवड्यांत थोडीफार मळमळ होणे स्वाभाविक आहे. ती दिवसेंदिवस कमी व्हायला हवी. मळमळ वाढत असेल, कमी होऊन पुन्हा सुरू झाली असेल किंवा रोज उलट्या होत असतील, तर ती स्वाभाविक समजू नका.

खाण्यापिण्यातली नेहमीची कारणे

आधी ही कारणे तपासून पाहा. अनेकांचा त्रास इथेच सुटतो.

* घाई आणि मोठा घास. नीट न चावलेली पोळी, मोकळा नसलेला भात किंवा मटणाचा तुकडा अरुंद जागेत अडकतो. छातीत दाटते, तोंडाला पाणी सुटते आणि उलटी होते.
* जेवताना पाणी पिणे. जेवणाआधी आणि जेवणानंतर अर्धा तास पाणी नको.
* पुढच्या टप्प्याची घाई. पातळ, मग कुस्करलेले, मग मऊ आणि शेवटी नेहमीचे अन्न असा क्रम सर्जन लिहून देतात. घरातल्या कार्यक्रमात रोडगे आणि वांग्याची तर्रीदार भाजी पाहून तो मोडला, तर पोट लगेच सांगते.
* गोड पदार्थ. आमरस, श्रीखंड, सरबत, ग्लुकोज पावडर यांतली साखर, विशेषतः बायपासनंतर, झपाट्याने आतड्यात उतरते. अर्ध्या-पाऊण तासात मळमळ, घाम, धडधड आणि जुलाब होतात. याला डम्पिंग म्हणतात. काहींना एक ते तीन तासांनी रक्तातली साखर उतरून थरथर आणि चक्कर येते.
* दूध. शस्त्रक्रियेनंतर काहींना दूध पचत नाही. अशांना ताक किंवा दही अनेकदा चालते.
* पाणी कमी पडणे. यामुळे मळमळ होते, मळमळीमुळे पाणी जात नाही, आणि हे चक्र सुरू राहते. अकोल्याच्या मे महिन्यातल्या उन्हात ते फार लवकर सुरू होते.
* बद्धकोष्ठता. प्रथिनांची पावडर, लोहाच्या गोळ्या आणि कमी पाणी यांमुळे पोट साफ होत नाही आणि मळमळ वाढते.

औषधांमुळे होणारी मळमळ

सगळ्या गोळ्यांची पिशवी डॉक्टरांसमोर ठेवा. लोहाची गोळी किंवा मल्टिव्हिटॅमिन रिकाम्या पोटी घेतल्यास मळमळ होते. मेटफॉर्मिनने होते. वजनासाठी किंवा मधुमेहासाठी सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपटाइडचे इंजेक्शन सुरू असेल तर त्यानेही होते.

मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांबाबत विशेष सावध राहा. खाणे कमी असताना त्या सुरू राहिल्या, तर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठू शकते. मळमळ, उलट्या आणि धाप ही त्याची लक्षणे आहेत. ही तातडीची अवस्था आहे.

डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक अशा वेदनाशामक गोळ्यांनी, विशेषतः बायपासनंतर, जोडाच्या जागी अल्सर होऊ शकतो. गुडघा दुखतो म्हणून मेडिकलमधून आणलेली गोळी इथे महागात पडते. विडी-सिगारेटनेही हा धोका वाढतो. खर्रा आणि तंबाखूही पूर्ण बंद करा, निकोटीनने मळमळ होतेच.

तपासणी करून शोधावी लागणारी कारणे

* वाट अरुंद होणे. बायपासचा जोड आक्रसतो किंवा स्लीव्हची नळी मध्येच वळते. आधी घन अन्न जात नाही, मग पातळही जात नाही. नळी वळलेली असेल तर एंडोस्कोपीत ते सुटू शकते. अशा वेळी डाय पिऊन काढलेला एक्स-रे उपयोगी पडतो.
* पित्ताशयातले खडे. वजन झपाट्याने उतरताना खडे होण्याची शक्यता वाढते. उजव्या बरगडीखाली दुखत असेल तर सोनोग्राफी करावी.
* आतड्याचा अंतर्गत हर्निया. बायपासनंतर काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, आतड्याचा भाग आतल्या फटीत अडकतो. कळा येतात आणि आपोआप थांबतात. कळ नसताना काढलेला सीटी स्कॅन चांगला येऊ शकतो, म्हणून एका रिपोर्टवर निश्चिंत राहू नये.
* गर्भधारणा. वजन उतरल्यावर पाळी नियमित होते आणि दिवस राहण्याची शक्यता वाढते. शस्त्रक्रियेनंतर साधारण १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळायला सांगतात. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही. पाळी चुकली असेल तर आधी ही चाचणी करा.

जीवनसत्त्व बी-१ : सर्वात दुर्लक्षित गोष्ट

बी-१ म्हणजे थायमिन. अन्नातली साखर जाळून ऊर्जा मिळवण्यासाठी मेंदूला आणि नसांना ते लागते. शरीरात त्याचा साठा दोन-तीन आठवडे पुरेल एवढाच असतो. शस्त्रक्रियेनंतर खाणे आधीच कमी, त्यात रोज उलट्या, आणि लिहून दिलेल्या गोळ्याही उलटून पडतात. अशा वेळी साठा संपायला वेळ लागत नाही.

साठा संपल्यावर होणाऱ्या मेंदूच्या आजाराला वेर्निक एन्सेफॅलोपॅथी म्हणतात. कार्ल वेर्निक यांनी १८८१ मध्ये त्याचे वर्णन केले. दारूच्या व्यसनात तो होतो हे अनेक डॉक्टरांना माहीत असते. बेरियाट्रिक सर्जरीनंतरही तो होतो हे पटकन लक्षात येत नाही. तो बहुधा पहिल्या तीन महिन्यांत, सतत उलट्या होणाऱ्या रुग्णांमध्ये दिसतो. लक्षणे अशी :

* एकाचे दोन दिसणे, डोळे थरथरणे
* चालताना तोल जाणे
* गोंधळणे, नाव-वार विसरणे, गप्प-गप्प राहणे, जास्त झोपणे
* पायांना मुंग्या येणे, पायांतली ताकद कमी होणे

तिन्ही-चारही लक्षणे एकदम दिसतीलच असे नाही. वेळेत बी-१चे इंजेक्शन मिळाले तर रुग्ण सावरतो. उशीर झाला तर स्मरणशक्तीचे किंवा चालण्याचे नुकसान कायमचे राहू शकते.

सलाईन लावण्याआधी हे विचारा

सलाईनच्या सगळ्या बाटल्या सारख्या नसतात. नॉर्मल सलाईन आणि रिंगर लॅक्टेटमध्ये साखर नसते. डीएनएस आणि पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्ये ग्लुकोज असते. ५०० मिलीच्या बाटलीत २५ ग्रॅम. बी-१चा साठा रिता असताना एवढे ग्लुकोज शिरेतून गेले, तर उरलेसुरले बी-१ते जाळण्यात खर्च होते आणि मेंदूचा आजार उफाळून येऊ शकतो.

मी स्वतः ही चूक करता करता राहिलो आहे. ऑपरेशनला सात आठवडे झालेल्या एक ताई दहा दिवसांच्या उलट्या घेऊन आल्या. अशक्तपणा पाहून मी डीएनएस लिहिले. बाटली टोचायच्या आत त्यांच्या यजमानांनी डिस्चार्ज कार्ड पुढे केले आणि सर्जनना फोन लावून दिला. पलीकडून पहिला प्रश्न आला, "थायमिन दिले का?" त्या दिवसापासून तो प्रश्न मी प्रत्येक वेळी आधी स्वतःला विचारतो.

तुम्ही दवाखान्यात गेल्यावर एवढे सांगा : "माझे वजन कमी करण्याचे ऑपरेशन झाले आहे, इतक्या दिवसांपासून उलट्या आहेत. ग्लुकोजच्या आधी बी-१ द्यायचे का?" यात डॉक्टरांचा अपमान होत नाही. रक्तातल्या बी-१ची तपासणी सगळीकडे होत नाही आणि रिपोर्टला वेळ लागतो, म्हणून शंका असेल तर रिपोर्टची वाट न पाहता उपचार सुरू करतात. एक अपवाद लक्षात ठेवा. रक्तातली साखर धोकादायक इतकी उतरली असेल, तर ग्लुकोज थांबवायचे नाही, बी-१ त्याच्या बरोबरीने द्यायचे.

सोबत सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि क्रिएटिनिन तपासून घ्यावे. अनेक दिवसांच्या उलट्यांनी ही सगळी घडी विस्कटते.

सगळे रिपोर्ट चांगले आले, तरी मळमळ आहे

असे होते. बदललेल्या जठराची हालचाल आणि आतला दाब यांमुळे, कोणत्याही तपासणीत न दिसणारी मळमळ काही महिने राहू शकते. तिच्याशी असे जुळवून घ्या :

१. एक पायरी मागे या. दोन-तीन दिवस पुन्हा पातळ आहार : वरणाचे पाणी, पातळ ताक, ज्वारीची पातळ आंबील. मग हळूहळू पुढे. पातळही ठरत नसेल तर थांबू नका, डॉक्टरांकडे जा.

२. घोट-घोट पाणी. दर पाच मिनिटांनी एक मोठा चमचा, म्हणजे साधारण १५ मिली. दिवसभरात दीड लिटरचे ध्येय ठेवा. पाणी गार बरे वाटते की कोमट, हे ज्याचे त्याने ठरवावे. ओआरएस पाकिटावर लिहिलेल्या मापातच करा. डब्यातली गोड पेये म्हणजे ओआरएस नव्हे.

३. वही ठेवा. काय खाल्ले, किती, किती मिनिटांत, कोणती गोळी घेतली, मळमळ कधी झाली. आठवडाभराच्या नोंदीतून कधी कधी जे कळते, ते महागड्या तपासणीतून कळत नाही.

४. वासापासून दूर. फोडणीचा वास अनेकांना सहन होत नाही. स्वयंपाक चालू असताना बाहेर बसा, अन्न कोमट करून खा.

५. गोळ्यांची वेळ बदला. लोहाची गोळी रात्री किंवा खाण्यानंतर घेता येईल का, मल्टिव्हिटॅमिन पातळ किंवा चघळायचे मिळेल का, हे विचारा. मनाने बंद करू नका.

६. उपवास पुढे ढकला. उलट्या सुरू असताना निर्जळी उपवास किंवा रोजा धोक्याचा आहे.

७. मनाकडेही पाहा. जेवायची भीती, सगळ्यांसोबत ताटावर बसता न येणे, "उगाच ऑपरेशन केले" हा पश्चात्ताप यांनी मळमळ वाढते. याचा अर्थ मळमळ खोटी आहे असा नाही. बोलायला कोणी हवे असेल तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर मोफत बोलता येते.

उलटीच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने जरूर घ्या. पण आठवडेच्या आठवडे त्यांवरच दिवस काढू नका.

घरच्या मंडळींसाठी

"दोन घास जास्त खा, अंगात ताकद कशी येईल?" हा आग्रह प्रेमाचा असतो, पण उलटी त्यानेच होते. त्याऐवजी पाण्याचा हिशेब ठेवा. बोलण्यात, चालण्यात, नजरेत बदल दिसतो का ते पाहा. वेर्निकचा रुग्ण स्वतः तक्रार करत नाही, ती घरच्यांनाच ओळखावी लागते. डिस्चार्ज कार्डाचा फोटो आणि सर्जनचा नंबर दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा. "पोटाचे ऑपरेशन" एवढेच न सांगता स्लीव्ह झाले की बायपास, हे नाव पाठ असू द्या.

ताबडतोब रुग्णालयात कधी जावे?

* २४ तासांत पाणीही पोटात राहिले नाही, लघवी फार कमी किंवा गडद झाली
* दोन-तीन दिवसांहून जास्त काळ रोज उलट्या
* पोटात तीव्र कळ किंवा पोट फुगून कडक होणे
* रक्ताची किंवा कॉफीसारखी उलटी, काळी शौच
* पहिल्या काही आठवड्यांत ताप, धाप, डाव्या खांद्यात दुखणे, नाडी मिनिटाला १२० च्या वर
* दुहेरी दिसणे, तोल जाणे, गोंधळ

अशा वेळी १०८ ला फोन करा आणि अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय किंवा जवळचे मोठे रुग्णालय गाठा. वाटेतूनच सर्जनना कळवा. बहुतेकांची मळमळ काही महिन्यांत ओसरते आणि ते पुन्हा घरच्या ताटावर बसतात. तोवर पाणी आणि बी-१ सांभाळा, आणि कोणी "काही नाही" म्हटले तरी त्रास सुरू असेल तर पुन्हा दाखवा.