'शांपू' नावाचा हुकूम

नरक चतुर्दशीला पहाटे आपण आधी तेल चोळून घेतो, मग उटणं, आणि शिकेकाईचा कंटाळा म्हणून शेवटी शांपू. गंमत बघा, दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजाने यातल्या तेल चोळण्यालाच 'शांपू' म्हटलं असतं! इंग्रजीत हे मुळात क्रियापद, अर्थ 'अंग रगडून, चेपून देणे'. केसांचा आणि फेसाचा काही संबंध नाही.

शब्द गेला इथूनच. हिंदीत 'चाँपना' म्हणजे दाबणे, चेपणे. त्याचं आज्ञार्थी रूप 'चाँपो'. १७६२ सालच्या एका इंग्रजी प्रवासवर्णनात 'शांपू' छापलेला सापडतो. यूल आणि बर्नेल यांनी १८८६ साली 'हॉब्सन-जॉब्सन' हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश काढला. त्यात शांपूच्या जोडीला आणखी दोन क्रियापदं दिली आहेत : 'पकडाओ'वरून 'पकेरो' आणि 'बनाओ'वरून 'बनाव'. तिन्ही आज्ञार्थी!

मला कारण सरळ दिसतं. साहेबाच्या तोंडी हिंदी यायची ती बहुतेक हुकमापुरती, म्हणून क्रियापदही हुकमाच्याच रूपात बोटीवर चढलं. इथे रुवैसला प्लांटवर जरा कान देऊन ऐका. केरळचा फोरमन, पेशावरचा ड्रायव्हर, नेपाळचा हेल्पर यांची मिळून जी हिंदी तयार होते, तीत लाओ, पकडो, उठाओ, रखो याचीच रेलचेल. 'आपण आणूया का?' असं त्या हिंदीत फारसं कुणी विचारत नाही.

या हुकमाचं सोनं केलं ते पाटण्याच्या शेख दीन महंमदाने. जन्म १७५९ चा, कंपनीच्या लष्करात वाढलेला हा माणूस १७८४ मध्ये आयर्लंडला गेला. १८१० मध्ये त्याने लंडनला हिंदुस्थानी जेवणाचं हॉटेल काढलं, पण १८१२ मध्ये दिवाळं निघालं. (परदेशात हॉटेल काढायची स्वप्नं बघणाऱ्यांनी नोंद घ्यावी!) मग ब्रायटनच्या समुद्रकिनारी वाफेची आंघोळ आणि मालिश असा धंदा सुरू केला, १८२२ मध्ये 'शांपूइंग'वर पुस्तक लिहिलं, आणि चौथा जॉर्ज व चौथा विल्यम या दोन्ही राजांचा तो 'शांपूइंग सर्जन' झाला. नोकराला सोडायच्या हुकमाचा शब्द त्याने आपल्या धंद्याची पाटी केला आणि खुद्द राजाला पुढ्यात आडवं पाडलं! १८५१ मध्ये तो वारला.

त्यानंतर १८६०च्या सुमारास इंग्रजीतला अर्थ अंगावरून डोक्याकडे सरकला आणि पुढे बाटलीत जाऊन बसला. पकेरो आणि बनाव इंग्रजीतून केव्हाच गेले. आपल्याकडे शांपू परत आला तो नाम होऊन. क्रियापद करायला त्याला 'लावणे' नाहीतर 'करणे' जोडावं लागतं. आपलं 'चेपणे' मात्र शाबूत आहे, आणि सुट्टीत गावी गेल्यावर आजीसमोर त्याचं रूप अजूनही 'पाय चेपू का?' असंच असतं.