रेड कार्ड व एसएसडी : कार्यक्षमता चाचणी

सर्व्हरमधील अनेक ड्राइव्ह एकत्र बांधून त्यांचा एकच साठा करणारे रेड कार्ड, त्याला एसएसडी, म्हणजे फ्लॅश स्मृतीचे ड्राइव्ह, जोडल्यावर किती वेगाने, किती वेळ व किती भरवशाने काम करते हे मोजण्याची पद्धत. हार्ड डिस्कच्या काळात डिस्क हा सर्वांत संथ घटक होता आणि कार्डाला तिची वाट पाहावी लागे. एसएसडी आल्यावर हे चित्र उलटले : ड्राइव्ह मोकळे आणि कार्ड गुंतलेले, अशी स्थिती वारंवार दिसते. म्हणून ही चाचणी ड्राइव्हइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, कार्डावरील प्रोसेसरची, कॅशची आणि वीज गेल्यावरच्या वागणुकीची असते.

पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीतील रहाटणी हे उपनगर एका बाजूला हिंजवडीचा राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान पार्क आणि दुसऱ्या बाजूला भोसरी-चाकणचा औद्योगिक पट्टा यांच्या मधल्या भागात आहे. या परिसराला हा विषय दोन्ही अंगांनी जवळचा आहे. साठवण तंत्रावर काम करणाऱ्या कंपन्यांची विकसन केंद्रे पुण्यात आहेत आणि ते तंत्र वापरणारे कारखानेही शेजारीच आहेत. लहान कारखान्यात टॅली, ईआरपी, कॅडची रेखाटने आणि कॅमेऱ्यांचे चित्रण हे सारे कित्येकदा एकाच सर्व्हरवर चालते. अशा ठिकाणी रेड कार्डाची निवड चुकली, तर त्याचा फटका हिशेबाला आणि उत्पादनाला एकदमच बसतो.

पूर्वपीठिका : रेड (रिडंडंट अ‍ॅरे ऑफ इनएक्स्पेन्सिव्ह डिस्क्स) ही संज्ञा डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत रूढ केली. त्यांचा मूळ निबंध १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. मेनफ्रेमच्या एका महागड्या डिस्कऐवजी वैयक्तिक संगणकाच्या अनेक स्वस्त डिस्क वापराव्यात, असा त्यांचा मुद्दा होता. डिस्क वाढल्या की त्यांपैकी एखादी बिघडण्याचा संभवही वाढतो. एका डिस्कचे सरासरी आयुष्य ३०,००० तास धरले, तर १०० डिस्कच्या संचात सरासरी दर ३०० तासांनी, म्हणजे दोन आठवड्यांच्या आतच, एक बिघाड येईल असे गणित त्यांनी मांडले. म्हणून माहितीची जादा प्रत किंवा पडताळा ठेवणे अटळ ठरले. संज्ञेतील ‘स्वस्त’ या अर्थाच्या शब्दाची जागा पुढे ‘स्वतंत्र’ या अर्थाच्या शब्दाने घेतली.

वेगातील तफावत : मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला अर्ध्या फेऱ्यासाठी सरासरी ४.१७ मिलिसेकंद लागतात. त्यात डोके योग्य मार्गावर नेण्याचे सुमारे ८ मिलिसेकंद मिळवले, की सेकंदाला जेमतेम ८० विखुरलेली वाचने हाती येतात. अशा आठ डिस्कचा संच साडेसहाशेच्या आसपास थांबतो. साटा जोडणीची एक चांगली एसएसडी मात्र ४ किलोबाइटची ८० हजार ते १ लाख वाचने सेकंदाला करते. हार्ड डिस्कसाठी घडवलेल्या कार्डाला आठ एसएसडी जोडणे म्हणजे शेकड्यांची सवय असलेल्या कारकुनापुढे लाखो अर्ज एकदम टाकण्यासारखे आहे.

रेडचे प्रकार व लेखनाचा भार : रेड ० मध्ये माहिती ड्राइव्हवर वाटून ठेवली जाते, सुरक्षा काहीच नसते. रेड १ मध्ये तंतोतंत दुसरी प्रत असते आणि रेड १० मध्ये या दोन्हींचा मेळ असतो. रेड ५ मध्ये एका ड्राइव्हइतकी, तर रेड ६ मध्ये दोन ड्राइव्हइतकी जागा पॅरिटीसाठी, म्हणजे हरवलेली माहिती गणिताने परत मिळवण्यासाठी, राखलेली असते. या सुरक्षेची किंमत लेखनात मोजावी लागते. रेड ५ वर लहानसा तुकडा लिहायचा, तर जुनी माहिती वाचणे, जुनी पॅरिटी वाचणे, नवी माहिती लिहिणे आणि नवी पॅरिटी लिहिणे अशी चार कामे होतात. रेड ६ मध्ये ती सहा होतात, रेड १० मध्ये दोनच.

उदाहरणादाखल आठ एसएसडी घेऊ आणि प्रत्येकीचा स्थिरावलेला लेखनवेग सेकंदाला २०,००० धरू. एकूण क्षमता १,६०,००० होते. रेड १० वर त्यातून ८०,००० लेखने मिळतील, रेड ५ वर ४०,००० आणि रेड ६ वर सुमारे २६,६००. एसएसडीचे वाचन लेखनापेक्षा जलद असते, म्हणून ड्राइव्हच्या बाजूने पाहता रेड ५ व ६ चे हे आकडे हात राखून धरलेले आहेत. प्रत्यक्ष मोजमाप त्यांच्याही खाली आले, तर पहिला संशय कार्डाच्या प्रोसेसरवर घ्यावा. लिहायची माहिती पूर्ण पट्टा, म्हणजे सर्व ड्राइव्हवरचा एकेक तुकडा, भरण्याइतकी मोठी असेल, तर जुने काही वाचावेच लागत नाही. त्यामुळे कॅमेऱ्याचे चित्रण रेड ५ वर सुरळीत उतरते आणि हिशेबाच्या डेटाबेसची बारीक लेखने त्याच संचावर अडखळतात.

अडथळ्याच्या जागा : पहिली जागा म्हणजे मदरबोर्डवरचा स्लॉट. पीसीआय एक्स्प्रेसच्या दुसऱ्या पिढीतील आठ मार्गिकांची एका दिशेची क्षमता सेकंदाला ४ गिगाबाइट असते, तिसऱ्या पिढीत ती ७.८८ गिगाबाइट होते. साटा एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइट वाचते, म्हणजे आठ एसएसडींचे ४.४ गिगाबाइट झाले. दुसऱ्या पिढीचे कार्ड आठव्या ड्राइव्हलाच तुडुंब भरते. काही मदरबोर्डवर लांब दिसणाऱ्या स्लॉटमध्ये प्रत्यक्षात चारच मार्गिका जोडलेल्या असतात. कार्ड तेथे बसवले, तर क्षमता कोणतीही सूचना न देता निम्मी होते. म्हणून जोडणी किती मार्गिकांवर व कोणत्या पिढीच्या वेगाने झाली आहे, हे चाचणीपूर्वी प्रणालीकडून तपासून घ्यावे.

दुसरी जागा कार्डाचा प्रोसेसर. एलएसआयच्या मेगारेड ९२६०-८आय या कार्डावर ८०० मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर आणि ५१२ मेगाबाइट कॅश होती. पुढच्या काळातील ९३६१-८आय मध्ये १.२ गिगाहर्ट्‌झचा दोन गाभ्यांचा प्रोसेसर, १ गिगाबाइट कॅश आणि १२ गिगाबिटच्या सॅस जोडण्या आल्या. तिसरी जागा उष्णता. ही कार्डे सर्व्हरमधील जोरकस वाऱ्याच्या भरवशावर घडवलेली असतात. साध्या डेस्कटॉप कॅबिनेटमध्ये, वातानुकूलन नसलेल्या खोलीत आणि मे महिन्याच्या उन्हाळ्यात घेतलेली चाचणी ही बऱ्याच अंशी कार्डाच्या तापमानाचीच चाचणी ठरते.

पूर्वतयारी : नव्या एसएसडीचा पहिल्या तासाचा वेग फसवा असतो. फ्लॅश स्मृतीत लिहिलेल्या पानावर थेट पुन्हा लिहिता येत नाही. पानांचा अख्खा गट आधी पुसावा लागतो. कोऱ्या ड्राइव्हमध्ये पुसलेले गट भरपूर असतात, ते संपले की अंतर्गत हलवाहलव सुरू होते आणि वेग घसरतो. स्टोरेज नेटवर्किंग इंडस्ट्री असोसिएशन, म्हणजेच स्निया, या संघटनेने यासाठी चाचणीचे प्रमाण ठरवून दिले आहे. आधी ड्राइव्ह संपूर्ण पुसायचा, मग त्याच्या क्षमतेच्या दुप्पट माहिती १२८ किलोबाइटच्या तुकड्यांनी सलग लिहायची आणि त्यानंतर प्रत्यक्ष भार फेऱ्याफेऱ्यांनी द्यायचा. सलग पाच फेऱ्यांतील आकड्यांचा फरक सरासरीच्या २० टक्क्यांच्या आत आणि त्यांचा एकूण कल १० टक्क्यांच्या आत आला, की ड्राइव्ह स्थिरावला असे मानले जाते. हे प्रमाण मुळात एकेका ड्राइव्हसाठी असले, तरी रेड संचालाही तीच शिस्त लावावी.

पुसण्याचा टप्पा कार्डाला जोडण्यापूर्वीच उरकावा. रिकाम्या झालेल्या जागेची खबर ड्राइव्हला देणारी ट्रिम ही आज्ञा बहुतेक रेड कार्डांमधून साटा ड्राइव्हपर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे संचातील एसएसडी काही काळाने स्वतःला भरलेलीच समजते. यावर उपाय म्हणजे प्रत्येक ड्राइव्हची १० ते २० टक्के जागा आरंभापासून न वापरता सोडणे. संचाची प्राथमिक जुळणी पूर्ण होईपर्यंत थांबावे आणि कार्डाची नियतकालिक तपासणी चाचणीपुरती बंद ठेवावी.

मोजमाप : लिनक्सवर येन्स आक्सबो यांनी लिहिलेले एफआयओ हे साधन सर्वाधिक वापरले जाते. इंटेलने १९९८ मध्ये आणलेले आयओमीटर जुन्या चाचण्यांशी तुलना करताना आजही उपयोगी पडते. चाचणीची फाइल कार्डाच्या कॅशपेक्षा आणि सर्व्हरच्या मेमरीपेक्षा कितीतरी मोठी हवी, तसेच कार्यप्रणालीची कॅश टाळणारी थेट पद्धत वापरायला हवी. ५०० मेगाबाइटची फाइल १ गिगाबाइट कॅशच्या कार्डावर चालवली, तर ड्राइव्हला हातही लागत नाही.

तुकड्याचा आकार प्रत्यक्ष कामावरून ठरवावा. मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हरचे पान ८ किलोबाइटचे असते, मायएसक्यूएलच्या इनोडीबीचे १६ किलोबाइटचे. वाचन-लेखनाचे प्रमाण स्नियाच्या प्रमाणानुसार १००-० पासून ०-१०० पर्यंत सात पायऱ्यांनी बदलतात, त्यांतील ६५-३५ ही पायरी डेटाबेसच्या सर्वसाधारण कामाजवळची आहे. एका वेळी किती मागण्या रांगेत ठेवल्या, हेही नोंदवावे. रांगेतील मागण्यांना प्रतिसादाच्या वेळेने भागले, की दर सेकंदाची कामे मिळतात : ३२ मागण्या आणि ०.४ मिलिसेकंद यांतून ८०,००० हा आकडा येतो. एकच मागणी आणि ०.१ मिलिसेकंद असेल, तर १०,०००. जाहिरातीतील मोठे आकडे बहुधा खोल रांगेचे असतात. पाचदहा जणांच्या कार्यालयात रांग क्वचितच तेवढी भरते, म्हणून तेथे उथळ रांगेतील प्रतिसादाची वेळच खरी.

केवळ सरासरीवर विसंबू नये. दहा हजारांतील सर्वांत संथ एका मागणीला किती वेळ लागला, हा आकडा अहवालात असावाच. संगणक मधूनच अडकतो अशी वापरणाऱ्याची तक्रार असते, तिचा उगम अशाच मागण्यांत सापडतो.

कॅश व वीजपुरवठा : राइट-बॅक पद्धतीत माहिती कार्डाच्या कॅशमध्ये पोहोचताच लेखन झाल्याचे कळवले जाते. राइट-थ्रू पद्धतीत ती ड्राइव्हवर उतरल्यावरच कळवले जाते. हार्ड डिस्कसाठी राइट-बॅक निःसंशय फायद्याची होती. एसएसडीच्या बारीक, विखुरलेल्या कामात मात्र ही मधली कॅशच ओझे होऊ शकते. म्हणूनच मेगारेड कार्डांवरील, खास एसएसडीसाठी असलेल्या फास्टपाथ या सोयीसाठी राइट-थ्रू ठेवणे आणि आगाऊ वाचन बंद करणे सुचवलेले असते. पॅरिटीच्या संचात राइट-बॅक अजूनही लाभ देऊ शकते, म्हणून दोन्ही पद्धती मोजून पाहाव्यात.

राइट-बॅक वापरायची, तर कार्डावर बॅटरी किंवा सुपरकपॅसिटर हवाच आणि ड्राइव्हमध्येही वीज गेल्यावर हातचे लेखन पुरे करणारे कपॅसिटर हवेत. पुणे परिसरात गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद राहणे रहिवाशांच्या आणि कारखानदारांच्या अंगवळणी पडले आहे. यूपीएसची बॅटरी थकलेली असेल, तर सर्व्हर भर कामात बंद पडतो. म्हणून सर्व्हर वापरात घेण्यापूर्वी, संचावर लेखन चालू असताना, मुद्दाम वीज तोडून पाहावी. पोहोच मिळालेली प्रत्येक नोंद पुन्हा सुरू केल्यावर जागेवर सापडली, तरच कार्ड उत्तीर्ण. ही चाचणी नमुना माहितीवर घ्यावी, चालू हिशेबावर कधीही नाही.

बिघाडाच्या अवस्थेतील चाचणी : सर्व ड्राइव्ह धडधाकट असतानाचा वेग हा अर्धाच निकाल आहे. एक ड्राइव्ह काढून संचाचा वेग मोजावा, नवा घालून जुळणी पूर्ण व्हायला किती वेळ लागतो ते पाहावे आणि त्या काळात नेहमीच्या कामाचा प्रतिसाद किती लांबतो हेही नोंदवावे. कार्ड व ड्राइव्ह या दोन्हींच्या फर्मवेअरची आवृत्ती अहवालात लिहावी. ह्युलेट पॅकार्ड एंटरप्रायझने नोव्हेंबर २०१९ मध्ये आपल्या काही सॅस एसएसडींबाबत इशारा दिला होता. फर्मवेअरमधील दोषामुळे ते ड्राइव्ह वापराचे ३२,७६८ तास भरताच, म्हणजे पावणेचार वर्षांच्या सुमारास, निकामी होणार होते. एकाच दिवशी सुरू केलेल्या संचात असे सारे ड्राइव्ह एकदमच जातात आणि कोणतीही पॅरिटी त्यांना वाचवू शकत नाही. त्यावर उपाय होता तो वेळेत फर्मवेअर बदलण्याचा.

पुणे परिसर व साठवण तंत्र : व्हेरिटास या कंपनीच्या पुणे केंद्रात साठवण सॉफ्टवेअरवर अनेक वर्षे काम झाले आहे. कार्डाशिवाय, सॉफ्टवेअरने रेड घडवणारा व्हॉल्यूम मॅनेजर हे मुळात याच कंपनीचे उत्पादन. मेगारेड हे नाव मुळात अमेरिकन मेगाट्रेंड्सचे. २००१ मध्ये ते एलएसआयकडे आले. एलएसआयचे संशोधन व विकसन केंद्र पुण्यातही होते. २०१४ मध्ये अ‍ॅव्हागोने एलएसआय विकत घेतली, तिचा फ्लॅश विभाग त्याच वर्षी सीगेटकडे गेला आणि २०१६ मध्ये अ‍ॅव्हागोने ब्रॉडकॉम हे नाव धारण केले. सीगेटचेही केंद्र पुण्यात आहे. आयटी पार्कमधील हे ज्ञान आणि भोसरी-चाकणमधील गरज यांत अंतर काही किलोमीटरचेच आहे. नव्या सर्व्हरची चाचणी आणि तिचा लेखी अहवाल खरेदीच्या अटींमध्येच घातला, तर ते अंतर लहान उद्योजकालाही ओलांडता येईल.

पर्याय : लिनक्समधील एमडी आणि सन मायक्रोसिस्टिम्सने विकसित केलेली झेडएफएस ही रेडचे काम सर्व्हरच्या मुख्य प्रोसेसरवर सोपवतात. एनव्हीएमई या २०११ मध्ये आलेल्या प्रमाणात ड्राइव्ह थेट पीसीआय एक्स्प्रेसला जोडला जातो. साटा जोडणीत एका रांगेत ३२ मागण्या मावतात, एनव्हीएमईमध्ये सुमारे ६४ हजार रांगा आणि प्रत्येकीत तितक्याच मागण्यांची सोय आहे. म्हणून कार्डाच्या चाचणीबरोबर तेच ड्राइव्ह सॉफ्टवेअर रेडवर मोजून दोन्ही निकाल शेजारीशेजारी मांडावेत. पॅरिटीचे गणित आजचे प्रोसेसर सहज पेलतात. कार्डाची बाजू वरचढ ठरते ती बॅटरीने राखलेल्या कॅशमुळे आणि बिघडलेला ड्राइव्ह बदलण्याच्या सुलभतेमुळे.

रेड संच हा बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल रेड १० वर दोन्ही प्रतींतून एकाच क्षणी नाहीशी होते. म्हणून कोणत्याही कार्डाच्या चाचणीची शेवटची पायरी एकच आहे : वेगळ्या जागी ठेवलेल्या बॅकअपमधून माहिती प्रत्यक्ष परत आणून पाहणे.