नजरेचा माग

रेल्वे स्थानकाच्या पुलावर समोरून माणसांचा लोंढा येत असतो. आपण त्यात शिरतो आणि तरीही क्वचितच कोणाला धडकतो. हे कसे जमते, असे विचारले तर उत्तर येते, "बघून चालतो म्हणून!" पण बघतो ते नेमके कोठे? या साध्या प्रश्नाला हात घालायला विज्ञानाला शंभराहून अधिक वर्षे लागली.

स्वतःची नजर स्वतःला कळत नाही, ही पहिली अडचण. वर्गात करून पाहा. आरशात आपल्या डाव्या डोळ्याकडे बघा, मग उजव्याकडे. डोळे हललेले आपल्याला दिसत नाहीत. शेजारी उभ्या असलेल्या मुलाला मात्र स्पष्ट दिसतात. म्हणजे डोळ्यांची नोंद बाहेरूनच घ्यायला हवी.

अशी नोंद सुरू झाली ती वाचनाच्या अभ्यासासाठी. १८७९ च्या सुमारास पॅरिसमध्ये एमिल जावाल यांच्या प्रयोगशाळेत आणि प्राग येथे एवाल्ड हेरिंग यांच्याकडे असे आढळले की, वाचताना डोळा ओळीवरून सरकत जात नाही. तो उडी मारतो, क्षणभर थांबतो, पुन्हा उडी मारतो. अमेरिकेत एडमंड ह्यूई यांनी या उड्या कागदावर उतरवायचे ठरवले. त्यांनी प्लास्टर ऑफ पॅरिसची इवलीशी वाटी करून ती बधिर केलेल्या डोळ्यावर बसवली. बघता यावे म्हणून तिला मधोमध भोक ठेवले आणि वाटीला ॲल्युमिनियमची हलकी काडी जोडली. डोळा हलला की काडी काजळी धरलेल्या फिरत्या कागदावर रेघ ओढी. आज कोणतीही नीतिसमिती या प्रयोगाला परवानगी देणार नाही! १९०१ साली रेमंड डॉज आणि त्यांचे सहकारी क्लाइन यांनी बुबुळावरून परावर्तित होणारा प्रकाश छायाचित्राच्या काचेवर टिपला आणि डोळ्याला हात लावण्याची गरज संपली.

मॉस्कोत आल्फ्रेड यारबुस यांनी मात्र पुन्हा डोळ्यावर चिकटणारी टोपी आणि चिमुकला आरसा वापरला. रेपिन यांचे एकच चित्र दाखवून त्यांनी निरनिराळे प्रश्न विचारले: या माणसांची वये किती? घरची सांपत्तिक स्थिती कशी? प्रश्न बदलला की नजरेची वाटही बदले. १९६५ च्या त्यांच्या पुस्तकातील या आकृत्या आजही छापल्या जातात.

पण या साऱ्या प्रयोगांत माणूस बसलेला आणि डोके करकचून धरलेले. शिकंज्यात डोके असलेला माणूस गर्दीतून कसा चालणार? १९६२ मध्ये मॅकवर्थ आणि थॉमस यांनी डोक्यावर बसवायचा कॅमेरा तयार केला खरा, पण चष्म्यासारखी सुटसुटीत साधने येईपर्यंत रस्ता प्रयोगशाळेच्या बाहेरच राहिला.

२००९ साली जेलेना योवांचेविच-मिसिच आणि मेरी हेहो यांनी असे साधन लावलेल्या लोकांना एका वाटेवर फेऱ्या मारायला लावले. समोरून येणाऱ्यांपैकी एक जण प्रत्येक वेळी अंगावर आल्यासारखे करी, एक कधीकधी, तर एक कधीच नाही. काही भेटींतच चालणाऱ्यांची नजर शहाणी झाली: आडदांडाकडे ती लवकर आणि जास्त वेळ जाऊ लागली, सरळमार्ग्याकडे कमी. भूमिकांची अदलाबदल केली, तर नजरेनेही आपला हिशेब बदलला. मला या सगळ्या इतिहासात हाच प्रयोग सर्वांत आवडतो. गर्दीत आपण नुसते बघत नसतो, माणसे शिकत असतो.

दुसरी गंमत २०११ मधली. टॉम फूलशॅम आणि सहकाऱ्यांनी काही विद्यार्थ्यांना विद्यापीठाच्या आवारातून कॉफी आणायला पाठवले आणि तोच रस्ता इतरांना पडद्यावर दाखवला. पडद्यासमोरचे लोक जवळ आलेल्या माणसांकडे खुशाल बघत राहिले. प्रत्यक्ष चालणारे मात्र माणूस दूर असताना बघत आणि जवळ आला की नजर काढून घेत. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ मध्ये या 'सभ्य दुर्लक्षा'चे वर्णन केले होते, तेही केवळ निरीक्षणातून.

मग मोबाइलचे काय? २०२१ मध्ये जपानमध्ये हिसाशी मुराकामी यांनी समोरासमोरून चालत येणारे दोन गट घेतले. एरवी अशा गटांत आपोआप रांगा पडतात. एका गटाच्या पुढच्या तिघांना त्यांनी मोबाइलवर बेरजा करायला लावल्या, तेव्हा रांगा पडायला उशीर झाला. आणि अडखळले ते फक्त ते तिघेच नव्हते. समोरून डोळे उघडे ठेवून येणारेही अडखळले.